बंगल्यातल्या बाईचे पुढचे भाग

माझी मुलगी तीन महिन्यांची असताना मी माहेराहून, नरखेडकडून, नागपुरात सासरी परत आले. मे महिना होता. नवरा मौद्याच्या वीज प्रकल्पात कामाला, आणि त्या महिन्यात त्याला सारखी रात्रपाळी लागलेली. रात्री साडेआठला कंपनीची बस चौकात यायची आणि तो डबा घेऊन निघून जायचा. मागे नंदनवन वस्तीतल्या त्या तीन खोल्यांच्या घरात आम्ही चौघं उरायचो: सासूबाई, सासरे, मी आणि बाळ.

सासऱ्यांना मी मामाजी म्हणायचे. आमच्याकडे तसंच म्हणतात. लग्नाला पावणेदोन वर्षं झाली होती, पण आमचं बोलणं म्हणजे ‘चहा ठेवला आहे’ आणि ‘बरं’ एवढंच. ते एका सरकारी दवाखान्याच्या प्लास्टर रूममधून रिटायर झाले होते. हाडं मोडलेल्या माणसांना प्लास्टर घालायचं आणि दीड-दोन महिन्यांनी ते कापून काढायचं, हे काम त्यांनी तीस वर्षं केलं. उंच, कमी बोलणारा माणूस. ते समोरच्या खोलीत झोपायचे, सासूबाई मधल्या खोलीत आणि आम्ही मागच्या.

मला त्या दिवसांत एक भीती बसली होती आणि ती मी कोणालाच सांगितली नव्हती. बाळ झोपलं की मला वाटायचं, तिचा श्वास थांबला आहे. मी तिच्या नाकाखाली बोट धरायचे. कोमट हवा बोटाला लागली की जीव भांड्यात पडायचा, आणि पाच मिनिटांनी पुन्हा बोट. रात्रीतून तीस-चाळीस वेळा तरी. दिवसा काही वाटायचं नाही. घरात माणसं असायची, भांडी वाजायची, रस्त्यावर भाजीवाला ओरडायचा. रात्री दहानंतर मात्र माझं सगळं लक्ष त्या दोन इवल्या नाकपुड्यांवर.

त्यातच मागच्या खोलीतला कूलर जळाला. मे महिन्यात नागपुरात कूलरचा मिस्त्री फोन उचलत नाही, आणि उचललाच तर ‘उद्या येतो’ म्हणतो. दुसऱ्या रात्री बाळ उकाड्यानं इतकं रडायला लागलं, की एक-दीडच्या सुमाराला मी तिला घेऊन समोरच्या खोलीत आले. तिथं खिडकीत मोठा कूलर होता. अंधारात मला वाटलं होतं मामाजी झोपले असतील. ते खुर्चीत बसले होते. टीव्ही चालू होता आणि पडद्यावर एक बाई आपलं तोंड जिन्याच्या कठड्यावरून हळूहळू वर काढत होती.

मामाजींनी दचकून टीव्ही बंद केला.

“काहून वं बाई, काय झालं?”

“आतला कूलर बंद पडला ना. हिला गरम होऊन राहिलं.”

ते उठले, उशी उचलली आणि गच्चीवर झोपायला निघून गेले. मी दिवाणावर बसले. कूलरची हवा लागताच बाळ शांत झालं. मी मात्र मघाच्या त्या बाईचा विचार करत होते. ती वर येऊन पुढे काय करणार होती?

पुढच्या रात्री पुन्हा तेच. मी आले, त्यांनी टीव्ही बंद केला, ते गच्चीवर गेले. तिसऱ्या रात्री त्यांचा हात रिमोटकडे जाताना पाहिला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “चालू राहू द्या ना मामाजी. मी इथं मागं बसते.”

मग खुर्ची जरा पुढे ओढून त्यांनी तोंड टीव्हीकडे केलं आणि म्हणाले, “भुताचा आहे. भेशीन तं नाही?”

“नाही.”

ते बसले. मी त्यांच्या मागे, भिंतीजवळच्या दिवाणावर पदर घेऊन बाळाला पाजायला बसले. त्या रात्रीपासून पुढे कितीतरी महिने आमची हीच बैठक होती. एक गोष्ट मला आजही सांगावीशी वाटते. त्या सगळ्या रात्रींत त्यांनी एकदाही मान मागे वळवली नाही. बोलायचं असलं तरी पडद्याकडे पाहूनच बोलायचे. पाणी प्यायला उठले तर बाहेरच्या दारानं जाऊन मागच्या नळावर पिऊन यायचे. माझी त्यांच्याशी ओळख झाली ती त्यांच्या पाठमोऱ्या डोक्याशी, पांढऱ्या बारीक केसांशी आणि कानांच्या मोठ्या पाळ्यांशी.

सिनेमे केबलवाल्याच्या स्वतःच्या चॅनलवर लागायचे. दिवसभर त्यावर भजनं आणि जुनी गाणी. रात्री साडेबारानंतर तो माणूस बहुधा हाताला येईल ती सीडी लावून झोपून जात असावा. खाली पट्टीवर इतवारीतल्या साड्यांच्या दुकानांच्या आणि कोचिंग क्लासच्या जाहिराती सरकत राहायच्या, वर भूत. त्यातही एक मालिका सारखी लागायची. एका डोंगरावरच्या बंगल्यात राहणाऱ्या मेलेल्या बाईची. तिचे पाच-सहा भाग निघाले होते आणि केबलवाल्याकडे दुसऱ्यापासून पुढचे होते. पहिला भाग काही त्याच्याकडे नव्हता. आम्ही त्याला बंगल्यातल्या बाईचा सिनेमा म्हणायचो. अमुक रात्री दोन नंबर, तमुक रात्री तीन नंबर.

प्रत्येक भागात कॉलेजची चार-पाच पोरं फिरायला निघायची आणि त्यांची गाडी त्याच वळणावर बंद पडायची. बंगल्याबाहेर कंदील घेतलेला तोच म्हातारा चौकीदार. पाऊस फक्त एका खिडकीवर पडायचा, शेजारची खिडकी कोरडी ठणठणीत. रक्ताचा रंग सरबतासारखा. आणि ती बाई हिरव्या साडीत, केस गुडघ्यांपर्यंत, चेहरा पांढराफटक. ती बोलायला लागली की गालांवर भेगा पडायच्या.

पहिल्यांदा तो चेहरा जवळून दाखवला तेव्हा मी बाळाला घट्ट धरलं. मामाजी मात्र पुढे वाकून बारकाईनं पाहत होते.

“पीओपी आहे,” ते म्हणाले.

“काय?”

“तोंडाले प्लास्टर लावलं तिच्या. पाणी जास्त झालं त्यात, म्हणून तडे जाऊन राहिले.” जरा थांबून म्हणाले, “प्लास्टर सुकताना गरम होते वं. चटके बसत असतीन तिले. अन् पाह्य, कशी उभी आहे. पापणी हालू नाही देऊन राहिली.”

मी पुन्हा पाहिलं. खरंच ती पापणी हलू देत नव्हती. आता मला भुताच्या जागी एक बाई दिसायला लागली. तोंडाला चटके बसत असताना कुठल्यातरी बंगल्यात रात्रभर उभी राहणारी, डायलॉग पाठ केलेली बाई. गंमत म्हणजे त्यामुळे भीती गेली नाही. भीतीच्या बरोबरीनं तिच्याबद्दल एक माया वाटायला लागली. त्या दीड तासात मी बाळाच्या नाकाखाली एकदाही बोट धरलं नव्हतं, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

मग तो आमचा नेमच झाला. मिस्त्री येऊन मागचा कूलर दुरुस्त करून गेला, पण मी मामाजींना ते सांगितलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही. रात्री बाळ उठलं की मी बाहेर यायचे. मामाजी जे आधी होऊन गेलं ते थोडक्यात सांगायचे.

“दोन पोट्टे गेले. एक पोट्टी उरली अन् चष्मेवाला. चष्मेवाला काही वाचत नाही.”

“कशावरून?”

“त्यानं सांगितलं ना, मले भुतावर विश्वास नाही म्हणून. असं म्हणणारा पहिल्या तासात जाते.”

त्यांचा सगळ्यात आवडता माणूस चौकीदार. दुसऱ्या भागात बंगल्यातल्या बाईनं त्याला मारून टाकलं होतं. तिसऱ्या भागात तोच नट पुन्हा आला, तोच कंदील घेऊन, आणि पोरांना म्हणाला की आधी होता तो आपला जुळा भाऊ. तिसऱ्यातही तो मेला. चौथ्या भागात तोच नट मिशी लावून त्याचा मुलगा म्हणून आला. मिशी एका बाजूनं सुटत होती. मामाजींना इतका आनंद झाला की त्यांनी खुर्चीच्या हातावर थाप मारली.

“आला! मले माहीत होतं, हा येईन.”

“पण बापापेक्षा मुलगा म्हातारा दिसतो मामाजी.”

“दिसू दे. आला ना पण?”

एकदा सिनेमा संपल्यावर, पडद्यावर नावांची यादी वर सरकत असताना मी त्यांना विचारलं, की तुम्हाला हे पुढचे पुढचे भागच का एवढे आवडतात? नवा सिनेमा लागला तर ते बऱ्याचदा झोपून जायचे, हे मी पाहिलं होतं. ते वर सरकणारी नावंच पाहत राहिले. मला वाटलं, जास्त विचारलं आपण.

मग म्हणाले, “आमच्याकडे माणूस पहिल्यांदा यायचा तेव्हा बोंबलत यायचा. कोणी झाडावरून पडला, कोणी मोटरसायकलवरून. त्याले आपलं तोंडही आठवत नसे. दीड महिन्यानं तोच माणूस प्लास्टर काढाले आला की आपणहून सांगे, तुम्हीच घातलं होतं ना भाऊ? कोणी संत्री आणे. प्लास्टर निघालं की आतला पाय बारीक होऊन जाते, कातडी निघते, तो घाबरून पाहत राहते की हा माहाच पाय का? मी म्हणो, तुहाच आहे, चालून तर पाह्य. मले ते दुसऱ्यांदा येणं आवडे.”

एवढं सलग ते माझ्याशी पहिल्यांदाच बोलले. बाळ झोपलं होतं आणि कूलरमधून पाण्याचे बारीक थेंब उडत होते. मी तिला खांद्यावर टाकून आत गेले.

पावसाळा आला, गेला. कूलर बंद झाले, आणि मग आमची पंचाईत झाली. कूलरच्या घरघरीत टीव्हीचा आवाज मधल्या खोलीपर्यंत पोचत नसे. आता आम्ही आवाज इतका कमी करायचो की किंकाळ्या डासासारख्या ऐकू यायच्या. तरी चाललं होतं. आम्ही दोघंही संवाद पाठ असल्यासारखे बघायचो. सासूबाईंना यातलं काही ठाऊक नव्हतं. सून रात्री बाळामुळे जागी असते एवढंच त्यांना माहीत, आणि त्या बिचाऱ्या सकाळी मला न उठवता एकट्या स्वयंपाकाला लागायच्या. त्याची मला लाज वाटायची. पण सांगितलं असतं तर आमच्या त्या रात्री बंद झाल्या असत्या.

आम्ही पकडले गेलो ते किंकाळीनं नाही. हसण्यानं.

तिसरा भाग लागला होता. त्यात एका पोराचा पाय मोडतो आणि बाकीची पोरं त्याला बंगल्यात आणून निजवतात. कुठून कोण जाणे, त्याच्या पायाला प्लास्टरही होतं, आधीही आम्ही ते दोनदा पाहिलं होतं. त्या रात्री मामाजी एकदम पुढे झाले.

“थांब थांब. कोणता पाय मोडला होता त्याचा?”

“डावा.”

“अन् आता प्लास्टर कोण्या पायाले आहे?”

मी पाहिलं. उजव्या पायाला होतं. पुढच्या प्रसंगात ते पुन्हा डाव्या पायाला आलं. आणि त्याच्या पुढच्यात, बाई जिन्यावरून उतरताना दिसल्यावर, तो पोरगा दोन्ही पायांवर उठून धूम पळाला.

मामाजी हसायला लागले. मी त्यांना त्याआधी कधी हसताना ऐकलं नव्हतं. आधी नुसते खांदे हलले, मग घशातून आवाज आला आणि मग ते खुर्चीत वाकून, गुडघ्यावर हात मारत, खोखो हसले. “तीस वर्षं,” ते म्हणत होते, “तीस वर्षांत असं प्लास्टर नाही पाहिलं बापा!” मी पदर तोंडात कोंबला, पण बाळ दचकून उठलं आणि रडू लागलं. मधल्या खोलीतला दिवा लागला.

सासूबाई दारात उभ्या राहिल्या. समोर टीव्हीवर ती हिरव्या साडीतली बाई हात पसरून उभी, खुर्चीत डोळे पुसणारा नवरा, दिवाणावर रात्री दोन वाजता तोंडात पदर घेतलेली सून.

“काय पाहून राहिले हे?” त्यांनी अगदी हळू विचारलं. “लेकराच्या घरात? सुनेले घेऊन?”

सासूबाईंनी पुढे येऊन बाळाला माझ्याकडून घेतलं, टीव्ही बंद केला आणि रिमोट आपल्या लोखंडी कपाटात ठेवून किल्ली कमरेला लावली. दुसऱ्या दिवशी त्या माझ्याशी चांगल्याच बोलल्या, पण कामापुरतं. दुपारी त्यांनी बाळाची मीठ-मोहरीनं दृष्ट काढली. मामाजी गच्चीवर जाऊन गव्हाला ऊन दाखवत बसले. संध्याकाळपर्यंत कोणी टीव्ही लावा म्हटलं नाही.

त्यानंतरचे आठ-दहा दिवस मला फार वाईट गेले. नवरा पुन्हा रात्रपाळीवर. मी मागच्या खोलीत, दिवा बंद, बाळ शेजारी. आणि माझं बोट पुन्हा तिच्या नाकाखाली. सिनेमांच्या रात्रींत ते जवळजवळ सुटलं होतं. आता ते दुपटीनं परत आलं. थंडीमुळे बोटं गार पडायची, मग श्वास नीट कळायचा नाही, मग मी ओठ लावून बघायचे. एका रात्री तेही कळेना. मी तिला हलवलं, ती हलली नाही. मी तिला उचललं आणि किंचाळत मधल्या खोलीत पळाले.

“आई, ही श्वास नाही घेऊन राहिली!”

सासूबाई ताडकन उठल्या. त्यांनी बाळाला घेतलं, दिवा लावला. बाळानं उजेडानं डोळे मिचकावले, मोठी जांभई दिली आणि ती माझ्याकडे पाहून हसली. गाढ झोपली होती, एवढंच. मी तिथंच जमिनीवर बसले आणि रडायला लागले. मामाजी दारापर्यंत येऊन परत गेले.

सासूबाईंनी मला रडू दिलं. मग विचारलं, “कितीदा पाहते रात्रीतून?”

मी सांगितलं. बोटाचं, ओठांचं, सगळं. हेही सांगितलं की बाहेर सिनेमा बघत असताना ते सुटलं होतं.

त्या बाळाच्या पाठीवर हात फिरवत राहिल्या. “मी आरसा धरत होती,” त्या म्हणाल्या. “तुह्या नवऱ्याच्या वेळी. हातातला छोटा आरसा. वाफ आली की पुसायचा अन् पुन्हा धरायचा. चार महिने. कोणाले सांगतो? म्हटलं असतं, पागल झाली.”

त्या रात्री मी त्यांच्याजवळच झोपले.

दुसऱ्या दिवशी रात्री जेवणं झाली, भांडी झाली. साडेबाराला बाळ उठलं. मी तिला घेऊन बसले असताना सासूबाई आल्या. त्यांनी बाळाला उचललं, शाल गुंडाळली आणि समोरच्या खोलीकडे निघाल्या. त्यांच्या हातात रिमोट होता. मामाजी खाटेवर जागेच होते. ते उठून बसले.

“लावा,” सासूबाई म्हणाल्या. “काय असते ते मलेही पाहू द्या. अन् आवाज वाढवा, असं मुक्यावानी काय पाहता?”

पाचवा भाग लागला होता. सासूबाई दिवाणावर माझ्याशेजारी मांडी घालून बसल्या, बाळ मांडीवर. मामाजी खुर्चीत, तोंड पुढे. सुरुवातीला त्या फक्त ‘बाप्पा’, ‘अगंबाई’ करत होत्या. गाडी बंद पडली, पोरं बंगल्यात शिरली, त्यांनी कपाटं उघडली, तिच्या पलंगावर बसून बिस्किटं खाल्ली, गाणं लावून नाचली. मग बाई आली. पोरं ओरडत सुटली.

“मले एक सांगा,” सासूबाई म्हणाल्या, “हिचं काय चुकलं?”

“कोणाचं?” मामाजींनी विचारलं.

“हिचं. घर हिचं आहे ना? न विचारता घुसले, सामान विस्कटलं, चपला घालून पलंगावर चढले. मी असती तं मीही हेच केलं असतं.”

मामाजींनी आणि मी ते सगळे भाग तीन-तीनदा पाहिले होते आणि आम्हा दोघांच्याही हे कधी डोक्यात आलं नव्हतं. त्या रात्रीपासून सासूबाई बाईच्या बाजूनं झाल्या. पोरं वाचली की त्या नाराज व्हायच्या. बाईनं कोणाला सोडून दिलं तर ‘लय भोळी आहे’ म्हणायच्या. तिच्या साडीचा काठ चौथ्या भागात बदलला आहे, हेही त्यांनीच पकडलं. “बॉर्डर जुन्या साडीची काढून लावली. टीप हातानं घातली. नीट घातली पण, पाह्य.”

मला वाटतं, मी त्या सिनेमांवर खरा जीव लावायला शिकले ते या दोघांमुळे. ते काढणाऱ्या लोकांना पैसा नव्हता, वेळ नव्हता, बहुधा कोणी कौतुकही करत नव्हतं. त्यांच्याकडे एक बंगला होता, एक कंदील, धुरासाठी बहुतेक धूप, आणि चेहऱ्याला चटके सोसणारी एक बाई. तेवढ्यावर ते पुन्हा पुन्हा आमच्याकडे यायचे. पुढे मी मोठ्या थिएटरात, चहूबाजूंनी आवाज येणाऱ्या अंधारात, भरपूर खर्चाचे भयपट पाहिले. चांगले होते. घाबरलेही मी. पण त्यांतल्या कोणाच्या साडीची टीप मला आठवत नाही.

बाळ दोन वर्षांचं झालं, रात्री झोपायला लागलं. माझंही बोट सुटलं. कधी सुटलं ते सांगता येणार नाही, एके दिवशी लक्षात आलं की कितीतरी दिवसांत धरलं नाही. नवऱ्याला दिवसपाळी मिळाली. केबलवाल्याचा तो चॅनल एक दिवस दिसेनासा झाला, आणि आमच्या रात्री तिथंच संपल्या.

पाच-सहा वर्षांनी, एका रविवारी, नवऱ्यानं फोनवर काहीतरी शोधता शोधता हाक मारली, “तुमच्या त्या बाईचा पहिला भाग सापडला गा बाबा!” आम्ही सगळे एकदम गोळा झालो. एवढी वर्षं तो आम्ही कोणीच पाहिला नव्हता. ती बाई मेली कशी, बंगल्यात अडकली का, हे आम्हाला तुकड्यातुकड्यांनी माहीत होतं. आता सगळं कळणार होतं. सासूबाईंनी चिवडा काढला. नवऱ्यानं फोन टीव्हीला जोडला.

पहिला भाग चांगला होता. हे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. पाऊस चारही खिडक्यांवर पडत होता. बाई खरीच सुंदर होती, नटीही दुसरीच होती, आणि तिला फसवलं जातं तो प्रसंग पाहताना माझे डोळे भरून आले. प्लास्टर नव्हतं. चौकीदारही नव्हता. आम्ही अर्धा तास वाट पाहिली, एक तास पाहिली. तो आलाच नाही. सिनेमा संपला.

“चांगला होता,” मी म्हटलं.

“होता,” मामाजी म्हणाले. ते जरा खट्टू झाले होते. “पण आपला नाही वाटला.”

“ते लोक बरे होते,” सासूबाई म्हणाल्या, “पण आपल्या ओळखीचे नाही.” आणि चिवड्याचा डबा झाकून त्या आत गेल्या. नवरा आमच्याकडे बघत राहिला. इतक्या वर्षांनी सापडलेला सिनेमा आम्हाला का आवडला नाही, ते त्याला काही केल्या समजेना.

मागच्या हिवाळ्यात मामाजींच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. ते आता पंचाहत्तरीच्या पुढे आहेत. एका डोळ्याला पट्टी, दुसऱ्यानं आधीच अंधुक दिसतं. डॉक्टरांनी पंधरा दिवस टीव्ही, फोन काही पाहू नका म्हणून सांगितलं. पहिले दोन दिवस ते निमूटपणे पडून राहिले. तिसऱ्या दिवसापासून चिडचिड सुरू झाली. चहा गार आहे, खिडकीतून गार वारा येतो, पोट्टी मोठ्यानं बोलते.

चौथ्या दिवशी दुपारी मी शाळेतून मुलीला घेऊन आले तर समोरच्या खोलीत पडदे ओढलेले. मामाजी खाटेवर काळा चष्मा लावून निजलेले आणि सासूबाई त्यांच्या उशाशी खुर्चीत, हातात माझ्या मुलीचा जुना टॅब. त्यावर आवाज बंद करून कुठल्यातरी वेगळ्याच मालिकेचा सहावा भाग लावला होता. एका घाटातल्या बसचा. आणि सासूबाई तो त्यांना सांगत होत्या.

“आता काही नाही, नुसती बस चालून राहिली. धुकं आहे. ड्रायव्हर जाडा आहे, गळ्यात मफलर. भला माणूस वाटते.”

“मागच्या सीटवर कोण आहे?”

“एक म्हातारी आहे. तिचं तोंड दाखवून नाही राहिले.”

“तीच असन.”

“असन. थांबा न, सांगतो ना.”

मी मुलीला खूण करून गप्प बसवलं आणि दोघी दारातच उभ्या राहिलो. तिथून टॅब दिसत होता. धुक्यात बस वळणावर आली. म्हातारी उठली, सीट धरत धरत पुढे आली. ड्रायव्हरनं आरशात पाहिलं. पुढच्या क्षणी तिनं त्याच्या मफलरला हात घातला, बस कठड्यावर आदळली आणि ड्रायव्हर दरीत गेला. अगदी स्पष्ट दाखवलं होतं. दरीत पडणारा बाहुला कापडाचा होता, त्याचा एक हात हवेत सुटूनही गेला.

सासूबाई गप्प होत्या.

“काय झालं?” मामाजींनी विचारलं. “मेला का तो ड्रायव्हर?”

सासूबाईंनी एकवार टॅबकडे पाहिलं, एकवार नवऱ्याकडे. त्यांच्या डोळ्यावरची पट्टी चष्म्याच्या कडेनं दिसत होती.

“नाही मेला,” त्या म्हणाल्या. “उडी मारली त्यानं. पळून राहिला झाडातून.”

माझ्या मुलीनं तोंड उघडलं. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

“बरं झालं,” मामाजी म्हणाले आणि त्यांनी पाय लांब केले. “तं सातव्या भागात येते मग तो.”

“येईन ना,” सासूबाई म्हणाल्या. “आता जरा पडून राहा. तीन वाजता डोळ्यात औषध टाकायचं आहे.”